हिरव्या राघूची झाकलेली कुपी

एका राज्यात अशी रीत होती, की राजवाड्यातल्या राघूंच्या सोनेरी मादीला हिरवी पिल्ले झाली तर पंख फुटताच ती तटावरून नगारा वाजवून हाकलायची आणि दोष मादीच्या माथी मारायचा. ही रीत कोणी घातली, असे राजकन्या शाल्मलीने विचारले की दरबारी आकाशाकडे बघत.

तिचा धाकटा भाऊ रणंजय याने एकदा मस्करीत जादूगार कालजंघाचा सोनेरी राघू पिंजऱ्यातून उडवून लावला. जादूगार हसला नाही. म्हणाला, "तसाच सोनेरी नर तुझ्या महालात जन्मून तुझ्या खांद्यावर बसेल, तेव्हाच सुटशील. तीन विणी देतो. पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत नर खांद्यावर आला नाही, तर पहिल्या विणीला कमरेपर्यंत दगड होशील, दुसरीला छातीपर्यंत, तिसरीला डोक्यावरून." एवढे बोलून तो धूर होऊन गेला.

राजाने परराज्यातून हळदुली नावाची सोनेरी मादी आणवली. पक्षिशास्त्री वाचस्पतींनी तिला सर्वांत देखणा हिरवा राघू जोडून दिला. पिल्ले सगळी हिरवी. रणंजय कमरेपर्यंत दगड झाला. शास्त्रींनी आणखी देखणा राघू आणला, आणखी लांब मंत्र म्हटले. पिल्ले पुन्हा हिरवी. दगड छातीला आला.

"मादीच खोटी," शास्त्री म्हणाले. "आता याहून देखणा राघू शोधू."

"शास्त्रीबुवा, हेच दोनदा करून झालं ना?" शाल्मली म्हणाली.

"तिसऱ्यांदा मनापासून करू."

रणंजय हसला. "ताई, तोंड उरलंय तोवर सांगतो. यांच्या मनापासूनचीच मला भीती वाटते."

शाल्मली तडक अरण्यात गेली. सोनेरी नर कसा होईल, असे तिने घुबडाला विचारले. घुबड म्हणाले, "तुमच्या शास्त्र्यांना विचार." मोराला विचारले. मोर म्हणाला, "मला माझ्या पिसाऱ्यापलीकडचं कळत नाही." मग एका ढोलीशी तिला एक म्हातारा हिरवा राघू दिसला, आणि त्याच्या शेजारी दोन सोनेरी माद्या.

"या कोणाच्या?"

"माझ्या लेकी. यांची आईही हिरवीच होती. मागल्या थंडीत गेली."

"दोघं हिरवी, आणि लेकी सोनेरी?"

"माझी आई सोनेरी होती, राजकन्ये. तुझ्या आजोबांनी मला तटावरून हाकललं. तो नगारा अजून कानात आहे." राघूने मान तिरकी केली. "नराला रंगाच्या दोन कुप्या मिळतात, एक आईची, एक बापाची. त्यांतली एक जरी हिरवी असली तरी तो हिरवा दिसतो. सोनेरी कुपी आत झाकलेली राहते. मादीला अशी कुपी एकच, तीही बापाकडून. तिला काही लपवताच येत नाही."

शाल्मलीने दोन्ही लेकींकडे पाहिले. "म्हणजे लेकींना रंग बापाचा, आणि शिव्या आईला?"

"तुमच्याकडे तशी रीत आहे."

"आणि ज्यांच्या पोटात सोनं होतं, त्यांनाच आम्ही हाकलत आलो!"

"नगारा वाजवून," राघू म्हणाला.

"आता तू चल. आमच्या हळदुलीची सोनेरी कुपी आणि तुझी झाकलेली, दोन्ही मिळाल्या तरच सोनेरी नर होईल."

"तीन गोष्टी कर. नगारा फोड. पिंजऱ्याचं दार काढ. आणि हळदुलीची माफी माग."

तिने नगारा फोडला. दार काढले. ती माफी मागत असताना शास्त्री खोकत होते, तरी तिने मोठ्याने मागितली. राघू आला, आणि दार नसताना राहिला.

चार पिल्ले झाली. मिटल्या पापण्यांआडून दोघांचे डोळे काळे दिसत, दोघांचे लाल. लाल डोळ्यांची ती सोनेरी होणार, एवढे राघूने सांगितले.

शास्त्रींनी दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लांवर धरली. "सरळ हलली तर नर, गोल फिरली तर मादी."

"बुवा, तुमचा हात कापतोय," रणंजय म्हणाला.

राजा लेकीकडे वळला. "तू सांग. नर कोणता?"

"या जोडीत डोळ्यांवरून रंग कळतो, बाबा. नर की मादी ते कळत नाही."

"मग खांद्यावर ठेवायचा कोणता?"

दरबारात वाद पेटला. अंगठी फिरत राहिली. एका पिल्लाची पापणी किलकिली झाली, आणि दगड रणंजयच्या गळ्याशी आला.

शाल्मलीने कापसाचे दोन खोपे केले, लाल डोळ्यांची दोन्ही पिल्ले उचलली आणि भावाच्या दोन खांद्यांवर ठेवली.

"एकच ठेवायचं असतं!" शास्त्री ओरडले.

"असं कोण म्हणालं?"

कोणीच म्हणाले नव्हते.

"ताई, दोन्ही माद्या निघाल्या तर?" रणंजयने हळूच विचारले.

"तर मी चुकले," ती म्हणाली. तिचा हात खोप्यावरच होता.

उजवा खांदा तसाच राहिला. डाव्या खांद्याखाली बारीक तडा गेला. तडा छातीवरून कमरेला, कमरेवरून टाचेला पोचला, आणि दगड टरफलासारखा गळून पडला. रणंजय लटपटत उभा राहिला. नर डावीकडचा होता, हे तेव्हा सर्वांना कळले.

हिरवी पिल्लेही महालातच वाढली. पुढे त्या सोनेरी नराला हिरवी मादी जोडली, तेव्हा शाल्मली अंडी फुटण्याआधीच म्हणाली, "बापाच्या दोन्ही कुप्या सोनेरी, आईची हिरवी. लाल डोळ्यांच्या त्या लेकी, काळ्या डोळ्यांचे ते लेक." तसेच झाले, आणि दर विणीला तसेच होत राहिले. राज्यातले शेंबडे पोरही आता ते ओळखते. शास्त्री मात्र आधी डोळे बघून घेतात, मग अंगठी फिरवतात, आणि ती बरोबर निघाली म्हणून सगळ्यांना सांगत सुटतात.