हणमंतरावांचे चार फोटो

एका गावात नवनाथ नावाचा एक भोळा फोटोग्राफर होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता.

तिशी आली तरी नवनाथचं लग्न जमत नव्हतं. पाहुणे यायचे, चहा प्यायचे, "मुलगा करतो काय?" विचारायचे आणि निघून जायचे. मग आई आत जाऊन रडायची. शेवटी तिने जावयाकडून त्याचा जुना कॅमेरा मागून आणला. जावयाचा, म्हणजे नवनाथच्या दाजींचा, तालुक्याला स्टुडिओ होता. दाजी म्हणाले, "घरात फोटो काढू नकोस, तुला उजेड कळत नाही. माणसाला बाहेर उभं कर. अडलं तर मला विचार."

नवनाथ अडला की विचारत नसे. पडला की विचारत असे.

पहिलं गिऱ्हाईक सातपुते गुरुजी. निवृत्तीच्या सत्काराची पत्रिका छापायची होती. नवनाथने त्यांना चावडीसमोर विजेच्या खांबापुढे उभं केलं. फोटोत खांब गुरुजींच्या डोक्यातून उगवला होता. वर चार तारा आणि एक कावळा. पत्रिका गावभर वाटली गेली. छत्तीस वर्षं शिकवलं, आणि आता पोरं त्यांना वायरमन म्हणतात.

नवनाथने दाजींना फोन लावला.

"अरे गाढवा, माणसाच्या मागे काय आहे ते बघायचं असतं! मागे काही नको. मोकळं हवं."

"बरं दाजी. आता लक्षात ठेवतो."

आणि त्याने ठेवलं. लक्षात ठेवणं हाच त्याचा रोग होता. विसराळू असता तर एव्हाना दोन पोरांचा बाप झाला असता.

पुढच्या महिन्यात देवळाला नवा कळस चढला. कळस कोंडिबा आणि त्याच्या बायकोचा. बारा वर्षांचा नवस. दोघं नवे कपडे घालून देवळासमोर उभे राहिले. नवनाथने मागे पाहिलं, तर देऊळ! त्याने दोघांना हाताला धरून गावाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी नेलं, पांढऱ्या भिंतीपुढे उभं केलं आणि सगळीकडून मोकळं दिसावं म्हणून चाळीस पावलं मागे जाऊन फोटो काढला. भिंतीवर दोन मुंग्या चढताहेत असं वाटत होतं.

कोंडिबाची बायको म्हणाली, "अरे, माझा देव कुठाय?"

"मावशी, देव मागे येत होता. काढला."

संध्याकाळी पुन्हा दाजींना फोन.

"अरे बैला, निदान जवळ तरी जायचंस! डोळ्यांवर नेम धरायचा. डोळे स्पष्ट आले की फोटो आला."

"बरं दाजी. आता लक्षात ठेवतो."

मग भगवान जाधवाला त्याचा खिलार बैल विकायचा होता. एवढं सगळं पाहूनही त्याने नवनाथलाच बोलावलं. गावात शहाणे किती, हे यावरून समजा. त्याने नवनाथला तालुक्याच्या बैलबाजाराच्या ग्रुपातही घेतलं. नवनाथ बैलाच्या जवळ गेला. अजून जवळ गेला. बैलाची लाळ कोपरापर्यंत आली तरी हलला नाही. फोटोत एक डोळा आला आणि डोळ्यावर एक माशी. माशी फार सुरेख आली होती.

ग्रुपवर एकाने विचारलं, "ही विहीर कुठली?" दुसऱ्याने विचारलं, "बाकीचा बैल कुठाय?"

दाजींनी कपाळावर हात मारला. "अरे मूर्खा, असा दाखवतात का? पुढून एक, बाजूने एक, मागून एक. पुढे कडब्याची पेंढी हलवायची, म्हणजे मान वर येते, नजर ताजी होते. दातांचा एक जवळून. उतरत्या उन्हात काढायचं. खाली वय, दात, स्वभाव लिहायचा आणि ग्रुपवर टाकायचं."

हे मात्र नवनाथने वहीत लिहून घेतलं. भगवानने त्याला बैलाजवळ पुन्हा फिरकू दिलं नाही. त्यामुळे धडा तसाच शिल्लक राहिला.

आणि अशात हणमंतराव शेडगे घर बघायला आले. मुलीचे वडील. घर आवडलं, आईच्या हातचे लाडूही आवडले. म्हणाले, "पोरगी तयार आहे. माझं एकच मागणं. आजवर माझा एक फोटो धड आला नाही. डोळे तरी मिटतात, नाहीतर डोकं तरी कापलं जातं. तू एक चांगला काढ. मी उद्याच सुपारी फोडायला येतो."

आईने देवापुढे दिवा लावला.

ऊन उतरलं होतं. नवनाथने हणमंतरावांना घरामागच्या मोकळ्या रानात उभं केलं. मागे खांब नाही, देऊळ नाही. मग त्याने कडब्याची पेंढी उचलली आणि त्यांच्या तोंडापुढे हलवली. "च्यक, च्यक."

हणमंतरावांची मान वर आली. ते खदखदून हसले. "शहरात असंच करतात वाटतं?"

"मामा, आता बाजूने."

ते वळले.

"आता मागून."

तेही झालं. घरात बायकापोरांचं न ऐकणारी माणसं कॅमेऱ्यापुढे किती गरीब होतात, ते पाहावं.

"आता तोंड उघडा मामा."

उघडलं.

खोटं कशाला बोलू, फोटो उत्तम आले. गालावर मऊ ऊन, डोळे स्वच्छ, हसू खरं. हणमंतराव कितीतरी वेळ बघत राहिले. "जावईबापू," ते म्हणाले, "माझ्या मोबाईलवर पाठवा."

आईने ते ऐकलं आणि साखर आणायला आत धावली.

नवनाथने फोटो पाठवले. मग वही उघडली. एक काम राहिलं होतं, तेही केलं.

दोन मिनिटांत हणमंतरावांचा मोबाईल वाजायला लागला. बैलबाजाराच्या ग्रुपात ते पहिल्या दिवसापासून होते. तिथे त्यांचे चारही फोटो होते. खाली लिहिलं होतं: वय बासष्ट. वरचे दात बसवलेले. अंग भरलेलं. स्वभाव शांत. लाथ मारत नाही.

त्याखाली त्यांच्या थोरल्या मुलीच्या सासऱ्याने विचारलं होतं, "जोडी आहे का?"

आई साखर घेऊन बाहेर आली तेव्हा हणमंतराव बांध ओलांडून निघाले होते आणि नवनाथ कडब्यात पालथा पडला होता. मला वाईट वाटतं ते त्या माउलीचं. बाकी कुणाचं नाही.

नवनाथने पडल्या पडल्याच फोन लावला.

"दाजी, एक चूक झाली. आता लक्षात ठेवतो."

"आता काय केलंस?"

"खाली 'लाथ मारत नाही' असं लिहिलं होतं. मारतो."