गोगीने खाल्लं एकुलतं पान

उंच इमारतीवर होती गच्ची. गच्चीवर होता निळा टब. टबात होती माती. मातीत होती भोपळ्याची वेल. इवलीशी वेल. आणि वेलीला होतं एकच पान!

टबाखाली राहायची गोगी. गोगी म्हणजे छोटीशी गोगलगाय. पाठीवर शंख, डोक्यावर शिंगं.

एका सकाळी गोगीला लागली भूक. गोगी निघाली टबावर. सुळुळू सुळुळू. सुळुळू सुळुळू. पोचली पानापाशी.

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

पान संपलं!

तेवढ्यात आली मनवा. मनवानेच बी पेरलं होतं. मनवानेच पाणी घातलं होतं.

"पानोबा, पानोबा, उठलात का?"

पानोबा कुठले! नुसता देठ.

"आई गं! माझं पान!" मनवाला रडूच कोसळलं.

आई आली. आईने वेल पाहिली. "अगं बाई! आता नवं पान फुटलं तरच वेल जगायची. नाहीतर टब रिकामा करावा लागेल हं."

गोगीने टबाआडून सगळं ऐकलं. पोट तर भरलं होतं. पण गोगीला लाज वाटली. फार फार लाज वाटली.

शिंगं आत. मान आत. शंखात चुप!

मग हळूच बाहेर आली. गेली वेलीकडे. सुळुळू सुळुळू.

"वेलूताई, वेलूताई, नवं पान फुटू दे!"

वेलीला सगळं ठाऊक होतं. तरी वेल रागावली नाही. म्हणून तर गोगीला आणखीच लाज वाटली.

वेल म्हणाली, "पान फुटेल गं. पण मला खाऊ कुठाय? आधी मातीने मला खाऊ द्यायला हवा."

गोगी गेली मातीकडे. सुळुळू सुळुळू.

"मातीमावशी, मातीमावशी, खाऊ दे ना!
वेलीला पान फुटेना!"

माती म्हणाली, "मी झालेय टणक. टण टण टण! खाऊ देऊ कसा? आधी गांडूळ मला उकरू दे. पण काय गं गोगी, पान खाल्लं कुणी?"

शिंगं आत. मान आत. शंखात चुप!

गोगी गेली गांडुळाकडे. टबाला खाली होतं भोक. भोकातून गांडूळ डोकावत होता. वळवळ वळवळ.

"गांडूळदादा, गांडूळदादा, माती उकर ना!
माती खाऊ देईना,
वेलीला पान फुटेना!"

गांडूळ म्हणाला, "वर केवढं ऊन! चटका बसतो, चर्रर्र! आधी पाचोळा पांघरूण होऊ दे. पण काय गं गोगी, पान खाल्लं कुणी?"

शिंगं आत. मान आत. शंखात चुप!

गोगी गेली पाचोळ्याकडे. गच्चीच्या कोपऱ्यात वाळक्या पानांचा ढीग. सळसळ सळसळ.

"पाचोळेबुवा, पाचोळेबुवा, पांघरूण व्हा ना!
गांडूळ माती उकरेना,
माती खाऊ देईना,
वेलीला पान फुटेना!"

पाचोळा म्हणाला, "मी हलका हलका. वारा आला की भुर्रर्र! माझ्याखाली ओल्या साली हव्यात. आधी साली टबात येऊ देत. पण काय गं गोगी, पान खाल्लं कुणी?"

शिंगं आत. मान आत. शंखात चुप!

गोगी गेली सालींकडे. दारात होती बादली. बादलीत काकडीच्या साली, केळ्याच्या साली. गिचगिच गिचगिच.

"सालींनो, सालींनो, टबात या ना!
पाचोळा पांघरूण होईना,
गांडूळ माती उकरेना,
माती खाऊ देईना,
वेलीला पान फुटेना!"

साली म्हणाल्या, "आम्हाला पाय कुठे आहेत? बादलीतसुद्धा आम्हाला मनवाच आणते. आधी मनवा उठू दे. पण काय गं गोगी, पान खाल्लं कुणी?"

शिंगं आत. मान आत. शंखात चुप!

आता मनवाकडे जायचं? मनवाकडेच?

गोगी थांबली. गोगी मागे वळली. मग तिला दिसली वेल. मान टाकलेली, उघडीबोडकी.

गोगी पुढे निघाली. सुळु... सुळु... सुळु...

मनवा बसली होती उंबऱ्यावर. गाल फुगलेले. डोळे ओले.

"मनवाताई, मनवाताई, ऊठ ना!
साली टबात येईनात,
पाचोळा पांघरूण होईना,
गांडूळ माती उकरेना,
माती खाऊ देईना,
वेलीला पान फुटेना!"

मनवा म्हणाली, "मी नाही उठणार! आधी सांग, माझं पान खाल्लं कुणी?"

शिंगं आत. मान आत. शंखात...

शंखात होता काळोख. काळोखात कुणी पाहत नव्हतं. तरी गोगीला लाज वाटतच होती.

एक शिंग बाहेर. दुसरं शिंग बाहेर. मान बाहेर.

"मी खाल्लं," गोगी म्हणाली. अगदी हळू.

"काय?"

"मी खाल्लं! भूक लागली होती. एकच पान होतं. तरी मी खाल्लं. चुकलं माझं."

मनवा बघतच राहिली. गोगीला वाटलं, जावं पुन्हा आत. पण ती गेली नाही. तिथेच उभी राहिली.

"सगळं खाल्लंस?"

"सगळं."

"आवडलं?"

गोगी लाजून म्हणाली, "खूप."

मनवाला हसूच आलं. खुदकन!

"चल," मनवा म्हणाली. मनवा उठली!

मनवा उठली, साली टबात आल्या. फतक फतक!
साली आल्या, पाचोळा पांघरूण झाला. सळसळ सळसळ!
पांघरूण झालं, गांडूळ माती उकरायला लागला. वळवळ वळवळ!
माती झाली भुसभुशीत. मातीने खाऊ दिला. गट्टम गट्टम!
आणि वेलीला...

लगेच नाही हं! मनवा रोज पाणी घालायची. झुळझुळ झुळझुळ. गोगी रोज वेलीकडे बघायची. बघायची आणि खाली मान घालायची.

मग एका सकाळी... टुपकन!

नवं पान! मग आणखी एक. मग आणखी एक. वेल चढली कठड्यावर.

मनवाने बोट दाखवलं. "गोगी, हिरवं पान वेलीचं. पिकून गळलेलं पिवळं पान तुझं. कळलं?"

"कळलं," गोगी म्हणाली.

पुढे फूल आलं. भोपळा धरला. हा एवढा लांब!

आई भोपळा काढायला आली. तिला दिसली गोगी. "अरेच्चा, गोगलगाय! ही पानं खाते. खाली सोडून येऊ का गं?"

गोगी वेलीला घट्ट चिकटली.

मनवा धावत आली. "नको आई! ती आपली आहे. ती खोडी करते, पण सांगते!"

आई हसली. मनवाने एक पिवळं पान उचललं. गोगीपुढे ठेवलं.

कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

भाजी आली ताटात, वेल राहिली थाटात, गोष्ट शिरली पोटात!