दहावा बैल

घाटमाथ्यावरच्या राजाला गादीवर बसून सतरावे वर्ष लागले होते. पौष संपून माघाचा पहिला आठवडा चालू होता. हरभरा घाट्यावर आला होता आणि पहाटे दगडाला दव सुटत होते. तो राजा आज कुणाला आठवत नाही, इतकी ही जुनी गोष्ट आहे. पण ती त्या माघातच सुरू झाली, म्हणून तसे सांगितले. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी.

त्या काळी समुद्राकाठचे मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर जाई आणि वरचे धान्य त्याच बैलांवरून खाली येई. घाटाच्या पायथ्याला नालबंदांची वस्ती होती. चौदा घरे, चौदा भट्ट्या. बैलाच्या खुराला जी लोखंडी पट्टी ठोकतात तिला पत्री म्हणतात. एका बैलाला आठ पत्र्या लागतात. चौदाही नालबंद तीच पत्री घडवत आणि त्याच बैलांसाठी भांडत. एकाने खिळे फुकट दिले, की दुसरा वर मूठभर पेंड देई. राबत सगळे होते, पोट कुणाचेच भरत नव्हते.

घाटाच्या निम्म्यावर एक उघडा कातळ होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. कातळ इतका गुळगुळीत झाला होता, की लोक त्याला आरसा म्हणत. तिथे बैल घसरत आणि ओझ्यासकट दरीत जात. हंगाम संपेपर्यंत दहातला एक बैल जाई. लोकांनी त्याला नाव दिले होते, घाटाचा वाटा. तांड्याचा नाईक निघतानाच दहावा बैल मेला असे धरून निघे. वरचा व्यापारी तो मेला असे धरून मिठाचा भाव लावी. दरीत कातडी काढणारे वाट पाहत बसत. खिंडीतला पुजारी घाट सुखरूप पार पडावा म्हणून नारळ घेई. बैल पडला तर कुणी रडत नसे. जे आधीच मोजून सोडले, त्याचे रडू येत नाही.

चौदांतला एक नालबंद अबोल होता आणि मानी होता. एकदा कातडीवाल्याने त्याच्यापुढे आठ पत्र्या टाकल्या. दरीतल्या मेलेल्या बैलाच्या होत्या. जुने लोखंड नालबंद विकत घेत, त्यात नवे काही नव्हते. पण त्याने पत्री उलटून पाहिली. त्याच्याच हातची होती. चारच दिवसांपूर्वी ठोकलेली. झिजलीसुद्धा नव्हती.

ती गोष्ट त्याला लागली. आपले काम टिकते आणि बैल टिकत नाही, याची त्याला लाज वाटली.

त्याने विचार केला, लोखंड कमी पडते. पत्री जाड हवी, खिळ्यांची डोकी उंच हवीत, म्हणजे ती दगड धरतील. तशा पत्र्या त्याने घडवल्या. मग तो नाईकांकडे एक बैल मागत फिरला. कुणी दिला नाही.

एक बाई होती. नवऱ्यामागे तीच बैल हाकी. तिचे तीनच बैल होते, चांद्या, मोरा आणि तांबडा. मोठ्या तांड्याच्या शेपटीला ती चाले.

नालबंद तिला म्हणाला, "आक्का, तुझा एक बैल दे. नवी पत्री लावून बघतो."

"का रे? दीडशे बैलवाले नाईक संपले का?"

"त्यांनी नाही म्हटलं."

"मग मीच येडी सापडले होय?"

"तुझे तीन आहेत, आक्का. दहावा सोडून द्यायला तुझ्याकडे दहा कुठं आहेत?"

बाईने आपल्या तीन बैलांकडे पाहिले. खरे होते ते. घाटाचा वाटा दहातला एक, असे सगळे म्हणत. पण पुढच्या दीडशे बैलांच्या शेणामुताने आरसा ओला होई, आणि मागून येणारा घसरे. मोजी नाईक, मरे तो शेवटच्याचा बैल.

"चांद्याला ने," ती म्हणाली. "पण माझ्या नवऱ्यानं तो वासरू असताना खांद्यावरून आणलाय. त्याला काही झालं तर?"

"बैल परत देईन. शब्द आहे माझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांद्या आरशावर चढला. चार पावले नीट टाकली. पाचव्या पावलाला उंच खिळ्यांनी दगडावर ठिणगी पाडली आणि चांद्या बसला. मग तो आडवा झाला. मग तिथे तो नव्हता.

बाई ओरडली नाही. दरीकडे बघत म्हणाली, "झालं का तुझं बघून?"

"बैल परत देईन."

"देशील तेव्हा देशील. तोवर त्याचं ओझं कोण नेणार? तुझा बाप?"

"मी नेईन," नालबंद म्हणाला.

लोकांना वाटले, बोलला, विसरेल. तो विसरला नाही. चांद्या दर खेपेला नेई तेवढ्या ओझ्याचे तीन वाटे केले. दोन वाटे मोरा आणि तांबड्यावर चढले, तिसरा नालबंदाच्या पाठीवर. भट्टी थंड पडली. तो खाली मीठ उचली, वर टाकी, वर धान्य उचली, खाली टाकी. तांड्यातले लोक हसत. "आक्काचा नवा बैल बघा! शिंगं फुटायची आहेत अजून!" तो पुढचे पाऊल टाकी. पाठीची साले निघाली, गुडघे सुजले. वहाणा पहिल्याच पंधरवड्यात फाटल्या, मग तो अनवाणी चढू लागला. रोज आरशावर आला, की त्याला वाटे, आज आपणही जाऊ. गेलो तर बरे होईल, असेही वाटे. पण देणे डोक्यावर ठेवून मरणे त्याला मान्य नव्हते.

असा दीड महिना गेला. एक दिवस आरशावर पुढच्या तांड्यातला एक बैल घसरला. थोडक्यात वाचला. नालबंद त्याच्या मागेच होता, त्याच ओल्या कातळावर, तेवढाच वाकलेला. तो घसरला नाही. त्याने खाली बघितले. त्याचे पाय उघडे होते, बैलाच्या पायात लोखंड होते.

ओझे उतरवून तो तिथेच बसला आणि कातळावरून हात फिरवला. दगडात बारीक बारीक चरे होते, सगळे एकाच दिशेचे. कातळ खुरांनी गुळगुळीत झाला नव्हता. पत्र्यांनी झाला होता. आजोबाने ठोकलेल्या, बापाने ठोकलेल्या, त्याने ठोकलेल्या. तीन पिढ्या चौदा भट्ट्यांनी मिळून हा आरसा घासला होता, आणि त्याच आरशावरून बैल दरीत ढकलले होते. त्याने तर लोखंड आणखी वाढवून चांद्याला ढकलले होते.

त्या दिवशी तो उठला तो म्हातारा होऊनच उठला.

वस्तीत जाऊन त्याने चुलत्याला सांगितले. चुलता चौदा घरांचा पंच होता.

"काका, पत्रीनंच बैल मरतात."

"काय बोलतोस?"

"आरशावर लोखंड नको. दुसरं काही तरी पायात घालायला हवं."

"काय घालणार? पैंजण?" बसलेले सगळे हसले. चुलता हसला नाही. "अरे, बिनपत्रीचा बैल घाटाच्या निम्म्यावर रक्ताळतो. लंगडा होऊन बसतो."

"म्हणून तर म्हणतो, दुसरं काही तरी. खाली काथ्या पडलाय ढिगानं. दोर वळतो तसा वळून बघू. सगळे मिळून करू, काका. चौदा घरांना पुरेल इतकं काम आहे."

"आणि ही भट्टी? ऐरण? हे हात? चाळीस वर्षं हेच केलंय मी. आता बायकांसारखा दोर वळत बसू?"

"चाळीस वर्षं आपण बैल मारलेत."

चुलत्याने हातातला चिमटा खाली ठेवला. "ऊठ," तो म्हणाला. "आजपासून या वस्तीत तुझी चूल नाही."

मग तो दीडशे बैलवाल्या नाईकाकडे गेला. नाईकाने शांतपणे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता.

"खरं असेल तुझं," तो म्हणाला. "पण दहावा मेला असं धरून मिठाचा भाव ठरतो. एकही मेला नाही, तर वरचा व्यापारी म्हणेल, भाव उतरव. मग मला काय मिळालं?"

"बैल मिळाला की."

"माझा मरतच नाही रे. मागच्यांचा मरतो."

नालबंद तिथूनही उठला. पायथ्याबाहेर एका झाडाखाली त्याने काथ्याची मोट टाकली आणि तो बैलाच्या खुरात घालायचा वहाणेसारखा जोड वळू लागला. पहिला जोड स्वतःच्या पायात बांधून तो चढला, तो अर्ध्या वाटेत सुटला. दुसरा फाटला. तिसऱ्याने घोटा काचला. सातव्या जोडाला त्याने तळाला गाठींचे दोन थर दिले आणि वर खुराच्या बेचक्यातून बंद घेतला. तो जोड तो स्वतःच्या हाताला बांधून दगडावर घासून पाही. तळवे सोलले, पण गाठी टिकल्या. एक चढण आणि एक उतरण, एवढे आयुष्य त्या जोडाला होते. तेवढे पुरे होते.

तो बाईकडे गेला. जोड बघून तिने कपाळाला हात लावला.

"एक नेलास. आता दुसरा मागायला आलास?"

"तांबड्याच्या पत्र्या काढू दे."

"आणि तांबडा गेला तर? मोऱ्यावर मी सगळं ओझं घालू? का मीच वाहू?"

"आरशावर तांबड्याच्या खालच्या अंगाला मी चालतो. गेला तर मला घेऊन जाईल. मग तुझं नुकसान करायला कुणी उरणार नाही."

बाईने तांबड्याला पुढे ओढले. "काढ," म्हणाली.

तांडा बघायला थांबला. "बैलाचं लगीन काढलंय वाटतं! वहाणा घातल्यात!" असे ओरडत होते. आरशावर आल्यावर ओरडणे थांबले. कातळ ओला होता. नालबंदाच्या एका अंगाला दरी होती आणि दुसऱ्या अंगाला ओझ्याखालचा तांबडा. तांबड्याने पाऊल टाकले. थांबला. वास घेतला. दुसरे टाकले. लोखंडाचा आवाज नव्हता, म्हणून त्याचा श्वास ऐकू येत होता. असा तो पाऊल पाऊल करत आरसा चढून गेला. वर गेल्यावर बाईने त्याच्या मानेला मिठी मारली. नालबंदाने पाठीवरचा वाटा सावरला आणि तो पुढे चालू लागला.

तुम्हाला वाटेल, आता त्याचे दिवस पालटले. तसे झाले नाही.

आधी मागून चालणारे लहान बैलवाले आले. ज्यांचे दोन, ज्यांचे चार. त्यांच्याकडे देण्यासारखे थोडे होते, म्हणून तोही थोडेच घेई. पुढच्या हिवाळ्यात त्यांचा एकही बैल पडला नाही. मग नाईक जागा झाला. त्याने वीस माणसे बसवून काथ्याचे जोड वळून घेतले आणि निम्म्या मोलात विकले. ही युक्ती आमच्या आजोबांची, असे त्याची माणसे सांगू लागली. मीठ स्वस्त झाले. वरच्या मुलखातल्या लोकांनी ते खाल्ले आणि ते का स्वस्त झाले हे कुणी विचारले नाही.

वस्तीतल्या भट्ट्या एकामागून एक विझल्या. शेवटी चुलत्याची विझली. डोक्यावर ऐरण घेऊन तो समुद्राकडे निघाला, दुसऱ्यांच्या दारात काम मागायला. वाटेत झाडाखाली नालबंद दोर वळत बसला होता.

"अजूनही शिकवतो, काका," तो उठून म्हणाला. "बसा."

चुलता थांबला नाही. "चौदा घरं जेवत होती," एवढेच म्हणाला.

नालबंद पुन्हा दोर वळायला बसला. बैल वाचले हे खरे होते आणि चुली विझल्या हेही खरे होते.

तो जोड वळी आणि पावसाळा संपून घाट उघडा असेल तेव्हा बाईचे ओझे वाही. बाई दोन-तीनदा म्हणाली, "बस कर आता. कुबड आलं तुला." तो म्हणे, "बैल आला की करतो." मिळकतीतून पोटाला लागेल तेवढे ठेवून बाकीचे तो बैलासाठी बाजूला टाकी. नाईकाच्या निम्म्या मोलापुढे ती मिळकत वर्षावर्षाला घटत गेली. चार हिवाळे असे गेले.

बोध इथेच सांगतो, कारण पुढे फक्त देणे फेडायचे राहिले आहे. जे नुकसान सगळ्यांनी आधीच मोजून सोडून दिले असते, तिथेच नवा धंदा उभा राहतो. पण तो उभा करणाऱ्याने पहिली भट्टी स्वतःची विझवायची असते, आणि शाबासकीची वाट बघायची नसते.

पाचव्या हिवाळ्याच्या तोंडाशी, घाट उघडला तेव्हा, नालबंद बाजारातून एक बैल घेऊन बाईच्या दारात गेला. तरणा बैल होता, रुंद छातीचा. अंगणातले तिन्ही खुंटे रिकामे होते. बाई भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय सुजले होते.

"मोरा आणि तांबडा पावसाळ्यातच विकले," ती म्हणाली. "चालवत नाही आता. हा घेऊन मी काय करू?"

"ते मला ठाऊक नाही, आक्का. एक नेला होता, एक आणलाय."

बाई भिंत धरून उठली. तिने त्याच्या हातातून दावे घेतले आणि बैल खुंट्याला बांधला.