सुभाना जगलाच कसा?

सुभाना गुराखी साप चावूनही जगला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला!

त्याचे असे झाले. विराटगडात भागोशेटने एक झकास धंदा काढला होता. दर दिवाळीला घरटी एक रुपया त्याच्याकडे भरायचा. वर्षभरात घरात कुणी आजारी पडले, तर वैद्याचे पैसे भागोशेट चुकते करणार! रुपया घेताना शेटच्या तोंडात साखर असे. पैसे द्यायची वेळ आली, की त्याला नाना शंका सुचत.

दामूवैद्यांनी तीन दिवस उशाशी बसून सुभानाला मरणाच्या दारातून ओढून आणले आणि शेटकडे औषधाच्या पैशांची चिठ्ठी पाठवली. ती तशीच परत आली. वर शेरा होता: 'रोगी जिवंत आहे. अर्थात साप बिनविषारी होता. औषधाची गरज नव्हती. नामंजूर.'

"आणि कासारांची म्हातारी गेली, तेव्हा काय लिहिलं होतं?" चिमाने विचारले. चिमा वैद्यांकडे औषधे कुटायची, आणि वेळ आली तर जिभेने माणसेही कुटायची.

"'रोगी मेला. औषध निरुपयोगी. नामंजूर,'" वैद्य म्हणाले. "चिमे, फडताळात चिमूटभर औषध उरलं नाही. उद्यापासून दवाखान्याला कुलूप."

चिमाच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचक्रोशीत दुसरा वैद्य नव्हता! शेरा मारलेली चिठ्ठी घेऊन ती तडक दरबारात गेली.

भागोशेट तिथे होताच. हात जोडून म्हणाला, "महाराज, पैसे देतो की! फक्त पुरावा हवा. औषध मिळालं नसतं तर सुभाना मेला असता, एवढं हिनं दाखवावं."

राजा मोठा हट्टी आणि गोड बोलण्याला भुलणारा. त्याने मिशीला पीळ भरला. "बरोबर! बाई, उद्या दरबारात दोन सुभाने आण. एक औषध घेऊन जगलेला, दुसरा औषधावाचून मेलेला. माणूस तोच, साप तोच! नाही जमलं तर दवाखाना बंद!"

दरबारी माना डोलावण्याचाच पगार घेत. त्यांनी इमानाने माना डोलावल्या.

"आणते, महाराज," चिमा म्हणाली. "पण हा न्याय सगळ्यांना सारखाच ना?"

"राजाचा शब्द आहे!"

"मग मला सांगा शेटजी, तुमच्या कोठारावर दहा सरकारी शिपाई असतात. चोरी कितीदा झाली?"

"बारा वर्षांत एकदाही नाही!" शेटने छाती फुगवली.

"अर्थात गावात चोरच नाहीत. शिपायांची गरज नव्हती. नामंजूर! महाराज, आजच पहारा उठवा, कोठाराची दारं सताड उघडी टाका आणि गावभर तशी दवंडी पिटवा!"

शेटचा चेहरा पांढराफटक पडला. "हिला वेड लागलंय, महाराज! शिपाई आहेत म्हणून तर चोर येत नाहीत! पहारा उठला, तर सकाळी कोठारात केरसुणीसुद्धा उरायची नाही!"

"कशावरून?" चिमा कडाडली. "आधी दोन कोठारं दाखवा, शेटजी! एक पहाऱ्यात भरलेलं, दुसरं पहाऱ्यावाचून लुटलेलं. कोठार तेच, चोर तेच!"

राजाने आधी ओठ चावले, मग मांडीवर थाप मारली आणि पोट धरधरून हसत सुटला. "भागोशेट, पुरतं सापडलात! नामंजूर केलेली एकूण एक चिठ्ठी आज संध्याकाळच्या आत चुकती करा. नाहीतर दवंडीवाला बाहेर उभाच आहे!"

चिमाला राजाने हातातले सोन्याचे कडे काढून दिले. वर हुकूम सोडला, की यापुढे शेटला कुठल्याही चिठ्ठीवर 'नामंजूर' लिहायचे असेल, तर आधी चिमाला विचारायचे.

"आता हिला विचारायला मी कुठं जायचं?" शेट कण्हला.

"दवाखान्यात या की!" चिमा म्हणाली. "मात्र रांगेत बसावं लागेल. आणि शेटजी, खरंच काही विचारायचंय, याचा पुरावा घेऊन या!"

राजा पुन्हा हसू लागला, आणि या वेळी दरबारीही हसले, तेही बिनपगारी!