सात व्हाळांची येशीबाय

आरवंडच्या खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायला होडीच लागायची, तेव्हाची ही गोष्ट. येशीबाय म्हणून एक विधवा होती. ओहोटीला चिखलात उतरून ती तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, वेचायची आणि दारोदार विकायची. चिखलाखालची शिंपली तिच्या पायांना दिसायची, असं म्हणतात.

एका साली ज्या घरांनी तिसऱ्या खाल्ल्या, त्या घरांत हगवण लागली. दोन म्हातारी माणसं गेली. कोणी म्हणाले खाडी कोपली, कोणी म्हणाले येशीच्या हातालाच विष आहे. गावाने ठरवलं, यापुढे खाडीतल्या शिंपल्या खायच्या नाहीत. मग तिच्यासारख्या वीस बायकांनी चूल कशावर पेटवायची?

येशीबाय भांडली नाही. लाकडी काथवटीत तिने जिवंत तिसऱ्या घेतल्या आणि खाडीच्या मुखापासून निघाली. खाडीला सात व्हाळ, म्हणजे ओढे, मिळतात. प्रत्येक व्हाळाचं पाणी काथवटीत घालून ती बसून राहायची. तिसऱ्यांनी कवच उघडून जीभ बाहेर काढली की पुढे चालायची. ती उठेपर्यंत भरती अडून राहायची, असं म्हणतात.

सहा व्हाळ चांगले निघाले. सातवा गावालगतचा. पोटातली रेती निघून जावी म्हणून सगळ्या बायका वेचलेल्या तिसऱ्या त्याच्याच तोंडाशी ठेवायच्या. ती जागा येशीबायनेच दाखवलेली. तिथलं पाणी घालताच सगळ्या शिंपल्या एकदम मिटल्या. तो आवाज पैलतीरावर ऐकू गेला, असं म्हणतात.

व्हाळ धरून ती वर चढली. वर खोतांचा नवा गोठा होता आणि त्याचं गटार व्हाळात सोडलेलं होतं.

खोत हसले. "येशे, तुझ्या शिंपल्यांका आता वाचा फुटली?"

"नाय, खोतानू. तोंडा मिटली." ती त्यांच्या अंगणात, खळ्यात बसली. "जागा दाखवली ती मीच, चूक माझी पण आसा. पण पाण्याक खाली येवक कळता, वर जावक नाय. म्हणान मी वर इलंय."

खोतांनी गटार माडांच्या बागेकडे वळवलं. व्हाळाचं तोंड धुऊन निघावं म्हणून येशीबायने दोन उधाणं जाऊ दिली. मग नव्या तिसऱ्या शिजवून सगळ्यांदेखत आधी स्वतः खाल्ल्या. गाव तीन दिवस तिच्या दाराकडे बघत होतं. चौथ्या दिवशी ती टोपली घेऊन निघाली, तेव्हा तिसऱ्या घ्यायला खोतीणबाईनेच आधी सूप पुढे केलं.

आजही पाऊस ओसरला की आरवंडच्या बायका येशीबायचं नाव घेऊन सातही व्हाळ फिरतात. शिंपली मिटली, तर एकजण व्हाळ धरून वरच्या घरी जाते. त्या दिवशी तिच्याशी कोणी वाद घालत नाही. घरधनी आधी फावडं उचलतो, चहाचं मग विचारतो.