गोजरानं घळीत गायलेली तीन गाणी

एकदा काय झालं, एक होता गाणारा. येसू त्याचं नाव. कुणाच्या फडात नाही, कुणाच्या ताफ्यात नाही. तुणतुणं खांद्याला, गाणी आपली आपणच जुळवायची आणि या गावाहून त्या गावाला जायचं. त्याचा बाप तसाच, आजा तसाच. ह्या लोकांची एक रीत असते, बरं का. गाणं ज्यानं जुळवलं, त्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायचं. ‘येसू म्हणे असं, येसू म्हणे तसं.’ नाव आलं की गाणं पुरं. नाव नाही आलं तर ते गाणं उघडंनागडं, आपल्या टिकल्यासारखं. हसू नकोस रे टिकल्या, चड्डी घाल आधी.

येसूला एक लेक होती, गोजरा. बाप गायचा, ही मागं झील धरायची. चोरून आपली गाणीही जुळवायची.

एकदा येसू एकटाच जत्रेहून परत आला, घळीच्या आडवाटेनं. दारात उभा राहिला, तोंड उघडलं, आणि आतनं नुसता वारा. फूऽऽ!

गोजरा म्हणाली, "बाबा, पाणी देऊ?"

फूऽऽ!

मग काय, येसूनं अंथरूण धरलं. भाकरी पुढं आली की भिंतीकडं तोंड करायचा. पार काटकुळा झाला. आता हा जातोय, असं लोक दबक्या आवाजात बोलायला लागले.

शेजारची भागूआत्या म्हणाली, "अगं, घळीत काहीतरी राहतंय. गाणी गिळतंय मेलं. शेवटच्या ओळीत ज्याचं नाव, त्याचा आवाज ह्या मेल्याच्या पोटात. तुझ्या बापानं तिथं बसून गाणं पुरं केलं असणार. खोड जाते होय!"

"मग मी जाते."

"जा की! तूही फू फू करत ये. दोघं मिळून उन्हाळ्यात मला वारा घाला."

पण गोजरा गेली. भर दुपारी गेली, सावली पायाखाली असताना. घळीत शिरली तर काय? पान पडलं, आवाज नाही. ठेच लागली, दगड गडगडत गेला, आवाज नाही. झाडावर पाखरं होती, पण एकानं चोच उघडली असेल तर शपथ. जवळ सरका गं, अशा लांब का बसलात?

मग दगडाआडून कुणीतरी म्हणालं, "आलीस का गं बाय माझी?"

आवाज येसूचा! आणि येसू तर घरी अंथरुणावर.

दगडाआडून ते बाहेर आलं. त्याला डोकं नाही, हात नाहीत. नुसती ओली, काळी गोणी आणि तिला एक तोंड. आत काहीतरी हलत होतं, गोणीत मांजरं कोंबल्यासारखं.

"गा," ते येसूच्या आवाजात म्हणालं. मग म्हातारीच्या आवाजात म्हणालं, "तीन गाणी गा. तिन्ही गाऊन तुझा गळा तुझ्याकडं राहिला, तर बापाचा आवाज ने. नाही गायलीस तर तुलाच गिळते, वेणीसकट."

मग गोजरानं पहिलं गाणं म्हटलं, बापाचं. शेवटी ‘येसू म्हणे’ आलं. गोणीनं ओठ चाटले. "हा तर आत आहेच की गं!" आणि आतनं कुणीतरी धडका दिल्या. बारीक आवाज आला, "बाय, पळ!"

पळेल कशी? मग दुसरं गाणं म्हटलं, आपलं स्वतःचं. शेवटच्या ओळीआधी थांबायचं ठरवून गेली होती. पण जीभ कुणाची? गाणाऱ्याच्या घरातली! सूर चढला, ओळ आली आणि तोंडातनं निघून गेलं, "गो…"

गपकन तोंडावर हात ठेवला तिनं. पण तेवढ्यात अर्धा आवाज गेला. गळा चीर गेलेल्या मडक्यासारखा वाजायला लागला. आणि गोणीला चव लागली.

"पुढं म्हण," ती सरकत सरकत आली. "गो… पुढं काय गं? गोदा? गोपी? म्हण ना!"

तिचा गार श्वास गोजराच्या मानेवर आला. असा. फूऽऽ! किंचाळू नका गं, मी आहे मी.

भीती वाटली म्हणून डोकं चालवायला कुणी मनाई केलीय का? गोजरानं घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुझं नाव काय?"

गोणी एका पोराच्या आवाजात म्हणाली, "नाही. कुणी ठेवलंच नाही."

"मग मी ठेवते. तुझ्यावरच गाणं करते. शेवटी तुझंच नाव."

"माझं?" गोणी लाडात आली, तिच्या पायाशी बसली. "कर ना. लवकर कर ना!"

मग गोजरानं तिसरं गाणं म्हटलं.

"शंभर गळे पोटात, एकही नाही ओठात,
पोकळोबा म्हणे गं बाय, माझ्यापाशी माझं काय?"

"पोकळोबा!" गोणी खूश झाली. "पोकळोबा मी!"

आणि तिचं तोंड वळलं. शेवटच्या ओळीत ज्याचं नाव, त्याला गिळायचं, दुसरं काही तिला ठाऊकच नव्हतं. स्वतःचा आवाज तर नव्हताच, म्हणून आधी बूड गिळलं. मग पाठ गिळली. "थांबव, थांबव!" वीस आवाजांत ओरडायला लागली. मग तोंडानं तोंडच गिळलं आणि फट्! गोणी उलटी झाली.

मग जे आवाज सुटले! संबळवाल्याचा सुटला, किंगरीवाल्याचा सुटला, जात्यावर ओव्या रचणाऱ्या म्हातारीचा सुटला. येसूचा आवाज आधी खाकरला, मग तिच्या कानावरनं घराकडं गेला. गोजरा मागं न बघता पळत सुटली. क्षणभर थांबली असती तर स्वतःचा अर्धा आवाजही मिळाला असता, पण कोण थांबतंय तिथं!

घरी येसू उंबऱ्यात उभा. "गोजरे, घळीत गेलीस? अक्कल गहाण ठेवलीस का गं?" एवढं बोलला आणि ढसाढसा रडला. मग तीन भाकरी खाल्ल्या.

गोजराचा गळा घोगराच राहिला. पण तोच ऐकायला गावोगावची माणसं यायची. म्हणायची, त्या चिरेतनं काहीतरी काळजात उतरतं. बापलेक सुखानं गात राहिले आणि ऐकणारे सुखानं ऐकत राहिले.

झालं. पाय आत घ्या, गोधडी ओढा, मिटा डोळे. आणि अंधारात कुणी अंगठा ओढला तर बोंबलू नका, बहुतेक मीच असेन.