सोमगिरी महाराजांचं अपडेट

"आक्का, काही अपडेट?"

सरूआक्का मठाच्या ओसरीवर महाराजांसाठी मुगाच्या वरणाचं पाणी गाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हायेत अजून."

शैलेंद्र डोईफोडेने तेवढंच ऑफिसला कळवलं. टेकडीवरच्या त्या लहानशा मठात सोमगिरी महाराज अंथरुणाला खिळले होते, रात्ररात्र दुखण्याने कण्हत होते, आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकाने त्याला त्यांच्या दारात आणून बसवलं होतं.

अपडेट हा शब्द त्याच्या तोंडात सुपारीसारखा कायम घोळत असायचा. कांद्याच्या भावाचं अपडेट, धरणाच्या पाण्याचं अपडेट, कुठल्याशा नटीच्या लग्नाचं अपडेट. आता म्हाताऱ्याच्या श्वासाचं. शब्द कुठेही चालायचा आणि शैलेंद्रची गाडीही कुठे अडायची नाही. बातमी सगळ्यांच्या आधी देणारा माणूस म्हणून त्याची कॉलर जरा ताठच असे.

बाकीचे पत्रकार कंटाळून टेकडी उतरले होते. हा मात्र चिकटून बसला. तासातासाला त्याचा तोच प्रश्न, आक्कांचं तेच उत्तर.

दुपारी ऑफिसातून फोन आला.

"काही अपडेट?"

"नाही सर."

"अरे, किती दिवस अडकून पडणार तिथे? आजचा दिवस बघ. नाहीतर उद्या परत ये."

"होईल, सर. आज होईल," शैलेंद्र बोलून गेला.

फोन ठेवला आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. काय होईल आज? ज्या म्हाताऱ्याने आपलं काही वाकडं केलं नाही, त्याने संध्याकाळपर्यंत डोळे मिटावेत म्हणून आपण घायकुतीला आलोय... त्याला स्वतःची फार लाज वाटली. समोरचा चहा त्याने तसाच बाजूला सारला.

तेवढ्यात आक्का दारात आल्या. "आत बोलवलंय तुमाला."

महाराज भिंतीला टेकून बसले होते. शरीर पार वाळलेलं, डोळे तेवढे टवटवीत.

"रोज आवाज ऐकतोय तुझा. बस, लेकरा."

शैलेंद्रला बसवेना.

"महाराज, मी... तुमच्या काळजीपोटी नव्हतो विचारत."

"मग?"

"तुम्ही जाल, त्याची वाट बघत होतो. बातमी आधी देता यावी म्हणून. आज तर वाटलं, लवकर एकदाचं..."

दाराशी उभ्या आक्कांनी तोंड फिरवलं.

महाराज रागावतील, हाकलून देतील, असं त्याला वाटलं. ते झालं असतं तर बरंही वाटलं असतं. महाराजांनी त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"लिहून ठिवली असशील की बातमी."

"...हो. आमच्याकडे पद्धतच आहे. पान आधी लावून ठेवतात. दिवस आणि वेळ तेवढी घालायची राहते."

"वाच."

"नको, महाराज."

"वाच रे. आपली आपल्याला कुणाला ऐकाया मिळती?"

शैलेंद्रने फोन उघडला आणि वाचायला लागला. जन्मगाव, दीक्षा, मठातली पोरांची शाळा. गावाची विहीर महाराजांनी स्वतःच्या हातांनी खोदली, इथवर तो आला.

"खोटं हाय. मी काठावर बसून नुसता वरडत हुतो."

आक्कांना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"'...त्यांच्या पश्चात शिष्या सरूबाई आणि मोठा भक्तपरिवार आहे,'" शैलेंद्रने कसंबसं संपवलं.

महाराजांनी बोटांवर काही मोजलं.

"एक नाव राह्यलं."

"कुणाचं? सांगा ना, आत्ता घालतो."

"तुझं."

शैलेंद्र त्यांच्याकडे बघतच राहिला.

"माझं? महाराज, तुमच्या मरणावर टपून बसलो होतो मी. आत्ताच सांगितलं ना तुम्हाला..."

"ऐकलं की."

"तुम्ही लवकर जावं, असं आलं माझ्या मनात."

"तेबी ऐकलं."

आक्का दाराची चौकट धरून खाली बसल्या, आणि इतके दिवस कोरडं उत्तर देणाऱ्या त्या बाईला रडू आवरेना.

महाराजांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग शैलेंद्रच्या पाठीवरून हळूच हात फिरवला.

"आज पहाटं सरूनंबी देवापाशी तेच मागितलं, लेकरा... तिच्याच शेजारी लिव्ह तुझं नाव."